उरलेले कॉस्टिक

"ही वडी तुमचीच ना? मग हिनं आधी तुम्हीच तोंड धुवा," असे म्हणून नर्सने अर्धी झिजलेली साबणाची वडी काउंटरवर आपटली.

दुकानात त्या वेळी वहिनी एकट्याच होत्या. पुढे दुकान, त्यामागे राहते घर, घरामागे अंगण आणि अंगणापलीकडे साबणाचा कारखाना, असा तो सगळा कारभार. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. तो गेला, कारखाना धाकट्या भावाकडे आला, पण वहिनी मात्र वहिनीच राहिल्या. दिराची वहिनी, कामगारांची वहिनी, गिऱ्हाइकांचीही वहिनी. त्यांच्याशी असे बोलण्याची त्या गल्लीत कुणाची टाप नव्हती.

"काय झालं ते नीट सांगा," वहिनी म्हणाल्या. आवाज अजून ताब्यात होता.

"दोन बाळांच्या अंगावर लालभडक चट्टे उठलेत. एकाची तर मांडीच्या सांध्यातली कातडी सोलवटलीय. आणि हे माझे हात बघा." नर्सने दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या आणि त्यांतून लाली दिसत होती.

"आमच्या साबणानं? अहो, तुम्ही त्या पोरांना दिवसभर काय काय चोळता ते मला काय ठाऊक! उगाच आमच्या नावानं बोंब मारायची नाही. ह्या कारखान्यातून एक वडी माझ्या जिभेला लागल्याशिवाय बाहेर पडत नाही."

"मग जीभ तपासून घ्या," नर्स म्हणाली.

वहिनींची कानशिले तापली. पण ती बाई घाबरणारी नव्हती. तिने वडी तिथेच ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि दारात वळून म्हणाली, "आज दुपारी तुमचा मोठा माल आमच्याच इस्पितळात येणार आहे, लहान मुलांच्या विभागात. मी तिथं कंठशोष केला, कुणी ऐकेना. म्हणे वहिनींनी चाखलाय ना, मग विषय संपला. म्हणून तुमच्या दारात आले. चूक झाली."

ती गेली. वहिनी मनातल्या मनात तिच्याशी आणखी बराच वेळ भांडत राहिल्या, आणि त्या भांडणात अर्थातच जिंकल्या.

साबण तयार झाला की नाही हे ओळखायची ह्या घराची एक रीत होती. तेल आणि कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे जळजळीत पाणी, कढईत एकजीव करायचे, साच्यात ओतायचे, घट्ट झाले की तारेने वड्या कापून मांडणीवर वाळत ठेवायच्या. प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका कढईच्या मालातली, एक वडी वहिनींकडे यायची. त्या ओले बोट वडीवर घासून जिभेच्या शेंड्याला लावायच्या. कॉस्टिक कच्चे राहिले असेल तर जिभेला चटका बसतो. कामगार त्याला 'साबण चावतो' म्हणत. चावला तर वहिनी थुंकायच्या आणि घाणा परत जायचा. नाही चावला तर म्हणायच्या, "उठवा," की माल बाहेर निघायचा. ह्या एका शब्दासाठी सगळे अंगण खोळंबून असायचे. नवरा असताना तो कढईशी आणि वहिनी जिभेशी, अशी दोघांची वाटणी होती. त्याच्या हातून घाणा बिघडला की त्या चार माणसांत सांगायच्या, आणि तो हसत हसत तो पुन्हा वितळवायला घ्यायचा. त्याच्या हसण्याचाही त्यांना तेव्हा राग यायचा. राग हा त्यांचा जुना सोबती होता.

अलीकडे तर त्या सोबत्याने मुक्कामच ठोकला होता. भाज्यांना चव राहिली नाही म्हणून भाजीवालीशी भांडण. चहाची पूड शिळी म्हणून धाकट्या जावेशी धुसफूस. मागे एकदा वाण्याच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत त्यांनी मिठाची पुडी परत नेऊन आदळली होती. "हे मीठ आहे का खडूची पूड?" वाण्याने हात जोडून दुसरी पुडी दिली. तीही तशीच निघाली. सगळे जग भेसळखोर झाले आहे, असा वहिनींचा पक्का निष्कर्ष होता.

त्यांनी नर्सची वडी उचलली, बोट ओले केले, घासले आणि जिभेला लावले. काही नाही. दुसऱ्यांदा जोरात घासून लावले. जीभ गप्प.

"खोटारडी मेली," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि वडी घेऊन तरातरा मागच्या अंगणात गेल्या.

अंगणात खोकी भरणे चालले होते. दीर स्वतः उभा राहून मोजून घेत होता. तो तसा चढ्या आवाजाचा नव्हता, गुळमट हसू घेऊन वावरणारा माणूस होता. वहिनींच्या हातातली वडी बघताच त्याचे हसू जरा घट्ट झाले.

"वहिनी, त्या बाईचं काही मनावर घेऊ नका. तान्ह्या पोरांची कातडी नाजूकच असते. चट्टे काय, कशानंही उठतात."

"मी चट्ट्यांचं कुठं बोलले?" वहिनी म्हणाल्या.

दीर गडबडला. "अं... दुकानातनं आवाज येत होता की."

दुकानातला आवाज अंगणात येत नाही, हे वहिनींना ह्या घरात इतकी वर्षे काढल्यावर ठाऊक होते. पण त्या काही बोलायच्या आत पुतणी पुढे झाली. दिराची ही मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. मागच्या सुट्टीत तिने साबण तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या होत्या, तेव्हा वहिनींनी तिला चांगलेच फैलावर घेतले होते. माझ्या जिभेला कागद शिकवणार का, म्हणून. तेव्हापासून पट्ट्या तिच्या बॅगेतच होत्या.

"बघू काकू," म्हणत तिने वडी घेतली, बोट घासले आणि अगदी वहिनींसारखेच जिभेला लावले.

"आई गं!" ती किंचाळली. थू थू करत नळाकडे धावली आणि तोंडाखाली पाण्याची धार धरून उभी राहिली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होते. "काकू, हा साबण आहे का निखारा?"

"नाटकं करू नकोस."

"नाटकं कसली? तुम्ही लावलीत ना जिभेला?"

वहिनींनी पुन्हा लावली. मग भरलेल्या खोक्यातली कोरी वडी काढली, तीही लावली. अंगणात सगळे हात थांबले होते. कामगार इकडे तिकडे बघत होते, पण वहिनींच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हते.

त्या तडक घरात गेल्या. स्वयंपाकघरात धाकटी जाऊ ओट्यापाशी उभी होती. वहिनींनी डबा उघडून चिमूटभर मीठ जिभेवर टाकले. वाळू. आणखी चिमूट टाकली. वाळूच.

"अगं, हे मीठ खारट आहे का?"

धाकटी खाली बघून म्हणाली, "आहे, जाऊबाई."

"मला लागत नाही."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही भाजीत मीठ भरमसाट घालता. तुमची पाठ वळली की मी त्यात पाणी, बटाटा काहीबाही घालून सारखं करते. खूप दिवस झाले." धाकटीचे डोळे भरून आले. "मी सांगणार होते. पण हे म्हणाले, बोलू नकोस. वहिनींच्या जिवाला लागेल. तेवढाच एक मान आहे त्यांचा."

'हे' म्हणजे तिचा नवरा. वहिनींचा दीर. वहिनी ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या. वाणी, भाजीवाली, चहाची पूड, सगळी एकामागून एक डोळ्यांपुढून गेली. ज्या ज्या माणसाला त्यांनी भेसळखोर म्हटले होते, त्याची क्षमा मागायला हवी होती. पण त्यांना ह्या क्षणी क्षमा मागावीशी वाटत नव्हती. कुणाचे तरी डोके फोडावेसे वाटत होते.

त्या अंगणात परतल्या तेव्हा पुतणी आणि तिचा बाप ह्यांची जुंपली होती.

"बाबा, खरं सांगा, तेल बदललंत ना?"

"अर्धंच. खोबरेल किती महाग झालंय तुला माहीत आहे? अर्धं पामतेल घातलं. सगळे घालतात. तेलासारखं तेल."

"आणि कॉस्टिक?"

"ते नेहमीइतकंच."

पुतणीने कपाळावर हात मारून घेतला. वहिनी मध्ये पडल्या. "मला समजेल असं सांग. बापाला नंतर समजाव."

पुतणीने नर्सची वडी हातात धरली. "काकू, कॉस्टिकमध्ये दोन पक्ष असतात. एक सोडियम. दुसरी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. सोडियमजवळ एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो, तो त्याला जड होतो. तो सरळ देऊन टाकतो. देणाऱ्यावर एक भार येतो, घेणाऱ्यावर उलटा, आणि त्या ओढीनं दोघं एकमेकांना धरून राहतात. हा झाला एक बंध. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं तसं नाही. ते कुणीच काही देऊन टाकत नाहीत. दोघांचा एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि मिळून वापरतात. हा दुसरा."

"एकात देऊन टाकायचं, दुसऱ्यात सामाईक ठेवायचं."

"अगदी तसंच."

वहिनींनी दिराकडे पाहिले. नवरा गेल्यावर ह्याने सांगितले होते, वहिनी, सगळं सामाईकच आहे, नुसतं माझ्या नावावर असू द्या. त्यांनी दिले होते. "म्हणजे मी सोडियम," त्या म्हणाल्या.

"सोडियम देऊन टाकतो आणि मग शांत होतो, काकू."

"मग मी नव्हे. पुढं बोल."

"तेलाचा प्रत्येक कण म्हणजे एक कणा आणि त्याला बांधलेल्या तीन शेपट्या. कॉस्टिक ती बांधणी तोडतं. शेपटी सुटते, आणि सोडियम तिचं टोक धरतो. सोडियमनं धरलेली शेपटी म्हणजेच साबण. कणा उरतो त्याचं ग्लिसरीन. एका शेपटीला एकच सोडियम लागतो. खोबरेलाच्या शेपट्या आखूड, म्हणून किलोभर तेलात त्या जास्त भरतात आणि कॉस्टिकही जास्त लागतं. पामतेलाच्या लांब. किलोभरात कमी. बाबांनी शेपट्या कमी केल्या आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं. सगळ्या जोड्या लागल्या, तरी कॉस्टिक उरलं."

"मग आणखी वाळत ठेवू. चार आठवडे ठेवू," दीर म्हणाला.

"उरलेल्याला जोडीला कुणी नाहीच, तर वाळत ठेवून काय होणार?" पुतणीचा आवाज चिरका झाला. "ते मोकळंच राहणार आणि मिळेल त्याला धरणार. आपल्या कातडीतसुद्धा तेल असतं, बाबा. ते बाळाच्या कातडीला धरतं. बाळाच्या मांडीवर साबण तयार करतं ते!"

एका कामगाराने हातातले खोके हळूच खाली ठेवले.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "वड्या घट्ट लवकर होतात हल्ली. साचा दुसऱ्याच दिवशी सुटतो. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, हवा कोरडी आहे."

दीर पुन्हा खोकी मोजू लागला.

"कॉस्टिक जास्त झालं की वडी लवकर टणक होते, हे तुमच्या भावानं तुम्हाला शिकवलंय. माझ्यासमोर शिकवलंय. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"थोडंफार इकडंतिकडं होतंच, वहिनी. धंदा आहे. आणि पास तर तुम्हीच केलात ना?"

हे बोलून गेल्यावर त्याचे त्यालाच कळले असावे, कारण त्याने मान वळवली. पण वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. आधी हाच दीर जिभेच्या रीतीला हसायचा, जुनाट म्हणायचा, पट्ट्या आणा म्हणून मागे लागायचा. मुलीने पट्ट्या खरोखर आणल्या तेव्हा मात्र तोच म्हणाला होता, आपल्याकडे वहिनींची जीभ आहे, पट्ट्या हव्यात कशाला! तेव्हा वहिनी फुलून गेल्या होत्या.

"माझी जीभ जिवंत होती तेव्हा तुम्हाला ती नको होती," त्या म्हणाल्या. "मेली तेव्हा पटायला लागली. माझ्या जिवाला लागेल म्हणून बायकोला गप्प बसवलंत! केवढी ही माया! मेलेल्या जिभेची पाटी लावून विष विकलंत, आणि वर मला मान दिलात!"

"हळू बोला, कामगार ऐकतायत."

"ऐकू देत! त्यांच्याही घरी पोरं आहेत!"

इतक्यात फाटकातून टेम्पो आत आला. घाऊक व्यापारी स्वतःच चालवत होता. इस्पितळाला माल पोचवायचे काम त्याचे. देहाने अघळपघळ, बोलण्यात लाघवी. खाली उतरता उतरता त्याने नेहमीची आरोळी ठोकली. "काय वहिनी! झालं का 'उठवा'? तुमचा शब्द पडल्याशिवाय मी खोक्याला हात लावत नाही, माहीत आहे ना!"

दीर वहिनींच्या अगदी जवळ आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात विनवणी होती. "वहिनी, पाया पडतो. घरातली गोष्ट घरात राहू द्या. हा माल जाऊ दे, पुढच्या घाण्याला मी पूर्ण खोबरेल घालतो. हे गिऱ्हाईक गेलं तर कारखाना बसेल. आणि बाहेर कळलं तर तुम्हाला कोण विचारणार? जिभेशिवाय तुम्ही इथं कोण?"

शेवटचे वाक्य त्याने दुखवायला म्हटले नव्हते. ते नुसते खरे होते, आणि म्हणूनच ते वर्मी बसले. कढई वहिनींची नव्हती, नाव वहिनींचे नव्हते, हिशेब वहिनींचे नव्हते. होता तो एक शब्द, आणि त्यामागची जीभ. ती आहे असे जगाला वाटत होते तोवर त्या होत्या. आता गप्प राहिले की झाले. मानही राहील, खुर्चीही राहील, आणि संध्याकाळी त्या वड्या कुठल्यातरी पोराच्या मांडीवर फिरतील.

"बोला वहिनी," व्यापारी हसत म्हणाला. त्याने पहिले खोके उचललेही होते.

"ठेव ते खाली."

"काय?"

"खाली ठेव म्हणते ना! माझी जीभ मेलीय. पुष्कळ दिवस झाले. मला साबण चावत नाही, मीठ लागत नाही, काही म्हणजे काही लागत नाही. मागचे किती घाणे मी असेच उठवले ते मला सांगता येणार नाही. हा मी उठवत नाही."

व्यापाऱ्याला ती थट्टा वाटली. तो दिराकडे बघून हसला. दीर हसला नाही. मग वहिनींनी खोक्यातली वडी काढून व्यापाऱ्याच्या तोंडासमोर धरली. "लाव जिभेला. इतकी वर्षं माझ्या जिवावर विकलास, आज स्वतःची लाव."

त्याने घाबरत घाबरत जीभ टेकवली आणि शिवी हासडून थुंकला. मग तो रुमालाने तोंड पुसत टेम्पोत चढला. चढताना मात्र त्याने वहिनींकडे असे पाहिले, जसे फसवणाऱ्या माणसाकडे बघतात. तेही वहिनींनी सहन केले. त्यांना खुलासा करावासा वाटला नाही.

"त्या नर्सला सांग," त्या ओरडून म्हणाल्या, "तिचं खरं होतं म्हणावं! आणि आधीचा माल आहे तोही परत आण!"

टेम्पो रिकामा गेला. दिराने हातातली पेन्सिल मोडून भिरकावली. "संपवलंत सगळं! भावानं उभं केलेलं एका मिनिटात संपवलंत!"

"तुमच्या भावानं असला घाणा वितळवला असता. हसत वितळवला असता." वहिनींचा आवाज आता बसला होता. "तेल आणा, उरलेल्या कॉस्टिकला जोडी मिळू दे. किती लागेल ते हिला विचारा, मला विचारू नका."

पुतणी पाटीवर आकडेमोड करायला बसली. वहिनींनी पदर खोचला, खोकी फोडली आणि वड्या किसायला घेतल्या. एक कामगार आला, मग दुसरा आला. दीर बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला आणि शेवटी तेलाच्या दुकानाकडे निघून गेला. वहिनी किसत राहिल्या. राग जराही उतरला नव्हता. तो दिरावर होता, स्वतःवर होता, त्या मुक्या मांसाच्या तुकड्यावर होता, आणि ते मांडी सोलवटलेले पोर कसे असेल ह्या विचाराने तो पुन्हा पुन्हा उसळत होता. बोटे चुरचुरायला लागली तेव्हा त्यांना कळले की कातडी अजून जिवंत आहे.

धाकटी चहा घेऊन आली. सगळ्यांना देत देत ती वहिनींपर्यंत पोचली, कप पुढे केला आणि सवयीने विचारून गेली, "साखर पुरेशी आहे का, जाऊबाई?"

विचारले आणि तिने ओठ चावला. किसणारे हात थांबले.

वहिनींनी एक घोट घेतला. गरम होता, एवढे कळले. त्यांनी कप तिच्याकडे परत केला.

"मला काय विचारतेस? तू पिऊन बघ."

धाकटीने त्याच कपातून घोट घेतला. थोडा वेळ तोंडात धरला.

"कमी आहे," ती म्हणाली.

"मग घाल," वहिनी म्हणाल्या आणि कपासाठी हात पुढे करून बसून राहिल्या.